जावईबापूंची मोजणी

झुंबरबाईच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे. वचक होता म्हणून नव्हे, ऐकण्यातच करमणूक होती म्हणून. ती कोणाला काय बोलेल याचा नेम नव्हता, आणि जिला बोलेल तीच आधी हसायची. गावातल्या माणसांचा जमाखर्च तिच्या डोक्यात पक्का असे : कोणाच्या घरात पाहुणा आला की चहात साखर वाढते आणि कोणाच्या घरात पाणी, कोणाची सून माहेरी गेली आणि कोणाची पाठवली गेली. ती हे सगळं बोलून दाखवी आणि लोक म्हणत, ‘झुंबरनं चालू शे.’

एक खातं मात्र ती कधी उघडत नसे. दोन वर्षांपूर्वी तिचा पुना, नुकता रांगायला लागलेला, दुसऱ्याच्या वावराच्या बांधावर खेळत होता. ती चार ओळींपलीकडे कापूस वेचत होती. फवारणीच्या औषधाच्या डब्याचं झाकण त्याच्या हाती लागलं आणि तिथून तोंडात गेलं. धरणगावला नेईपर्यंत बैलगाडीतच सगळं संपलं. दवाखान्याच्या कागदावर उलटी-जुलाब असं काहीसं लागलं. वावराचा उल्लेख कुठेच आला नाही, कारण तिच्या नवऱ्यानं, भिकानं, डॉक्टरांना सांगितलं होतं की पोरगं घरीच होतं. भिका पाटलाची बायको दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाते हे त्याला डॉक्टरांपुढेही बोलवेना.

त्यानंतर जो मुलगा झाला, त्याच्यामागे झुंबरबाईनं मोठ्या मुलीला बांधलं. मंदा चौथीत होती. वर्गात पहिली-दुसरी यायची. वेचणी सुरू झाली की ती भावाला कडेवर घेऊन बांधावर बसे आणि शाळेत तिच्या नावापुढे गैरहजेरी पडत जाई. चौथीची परीक्षा ती कशीबशी देईल, पण पाचवी शेजारच्या गावात होती. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. मग भाऊ कोणाकडे?

त्या वर्षी, ब्याण्णवच्या हिवाळ्यात, कमलबाई आल्या. या धरणगावच्या मुख्यसेविका, गावोगावच्या अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या. त्यांनी विहिरीवर बाया गोळा केल्या.

“सरकार बायांच्या कामाची मोजणी करतंय,” त्या म्हणाल्या. “पुढच्या योजनेत बायांसाठी काय ठेवायचं ते त्यावरून ठरणार. ज्या गावात कामाला जाणाऱ्या बाया जास्त, तिथे पाळणाघर येईल. दिवसभर पोरं सांभाळायला बाई, वर खाऊ. पण मोजणीत तुम्ही दिसल्या पाहिजेत. वावरात जाता, मजुरीला जाता, घरच्या शेतात फुकट राबता, सगळं सांगायचं. लाजायचं नाही.”

“कमलबाई,” झुंबरबाई म्हणाली, “आम्ही काम करतस का नही, हाई आम्हना दादलास्ले इचारा. त्यास्ले जास्त माहीत ऱ्हास.”

बाया हसल्या. कमलबाईही हसल्या. पण घरी येताना झुंबरबाईची घागर नेहमीपेक्षा हलकी वाटत होती. रात्री भाकरी थापता थापता ती मंदाला म्हणाली, “पाळणाघर वनं का तू पाचवीले जाशी.” दुसऱ्या दिवशी बांधावर बसून मंदानं मातीत काडीनं तेराचा पाढा लिहिला. शाळा बुडल्यापासून तो तिच्या मनातून सुटत चालला होता.

मोजणीला शेजारच्या गावचे देवचंद गुरुजी येणार हे कळलं तेव्हा गाव खूश झालं. देवचंद गुरुजी म्हणजे पाटील आळीतल्या वडीलधाऱ्या झुलाल आबांचे थोरले जावई, आणि आबांच्या घरचा जावई म्हणजे साऱ्या आळीचा जावई. त्यातून आबांच्या धाकट्या मुलीसाठी गुरुजींच्याच भावाचं बोलणं चाललेलं. सोयरीक अजून पक्की नव्हती. अशा वेळी पलीकडच्या घराला काय दिसावं आणि काय दिसू नये, याची काळजी सगळ्या आळीनं वाटून घेतली होती.

मोजणीच्या दिवशी आबा स्वतः जावयाबरोबर घरोघर फिरले. पुढे गुरुजी, काखेत कागद, मागे आबा, त्यांच्यामागे चहाची किटली. ज्या घरी जात तिथे गोधडी अंथरली जाई आणि बाया डोक्यावर पदर घेऊन दाराआड जात. गुरुजी प्रश्न वाचत. घरचा पुरुष उत्तर देण्याआधी आबाच देऊन टाकत.

“आम्हना घरन्या बाया वावरमा जातस नही, जवाईबापू. घरमाच ऱ्हातस. लिखा, घरकाम.”

एक घर, दुसरं घर, तिसरं घर. सगळीकडे घरकाम. ज्या बायांच्या बोटांची पेरं कापसाच्या बोंडांनी फाटली होती, त्याच बायांनी दाराआडून चहाचे कप पुढे सरकवले. गुरुजी कपाकडे बघत, बोटांकडे बघत नसत.

भिकाच्या घरी मंडळी आली तेव्हा झुंबरबाई दाराआड गेली नाही. भाऊकीच्या नात्यानं ती गुरुजींच्या मेहुण्याची बायको, म्हणजे जावयाची थट्टा करण्याचा तिला हक्कच होता. लग्नात तिनं गुरुजींच्या लाडवात मीठ भरलं होतं. त्यामुळे ती चौकटीत उभी राहिली आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आधीच हसू आलं.

“घरातील स्त्री काय काम करते?” गुरुजींनी वाचलं.

“काही नही करस,” भिका म्हणाला. “घरमाच ऱ्हास.”

“लिखा जवाईबापू,” झुंबरबाई म्हणाली. “मी जास. रोज जास. दुसराना वावरमा, मजुरीले. कापूस येचस, निंदस. मनी पोर शाळा सोडीसन पोऱ्याले धरीसन बठस. हाई बी लिखा.”

भिकाची मान खाली गेली. मग झुलाल आबा मांडीवर थाप मारून हसले.

“आयकं का! हाई बाई तुम्हले सोडाव नही, जवाईबापू! लाडूमा मीठ टाकं, आते कागदमा टाकस!”

सगळी ओसरी हसली. शेजारच्या दाराआडच्या बायाही हसल्या. त्यांच्याबरोबर ती आदल्या दिवशीच आबांच्या वावरात वेचणी करत होती.

“मस्करी नही करस मी,” झुंबरबाई म्हणाली.

त्यावर तर हसणं आणखी वाढलं. तिची सगळ्यात चांगली थट्टा ती अशीच गंभीर तोंडानं करायची, हे गावाला पाठ होतं.

“वहिनी, तुमच्यापुढे आम्ही हात टेकले,” गुरुजी म्हणाले आणि डोळे पुसत त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं. पण शेजारच्या घरी लिहायला जेवढा वेळ लागला होता तेवढाच लागला.

ती शेजारच्या दाराकडे बघत राहिली. एकजण जरी म्हणाली असती, हो, मीही जाते, तरी थट्टेची थट्टा राहिली नसती. पदराआडून कोणी बोललं नाही. मंडळी गेल्यावर भिका तिला मारेल असं तिला वाटलं होतं. त्यानं मारलं नाही. “आबानी सोयरीक मोडती ना,” एवढंच म्हणाला आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

बौद्धवाड्यात गुरुजी संध्याकाळी गेले, एकटेच. तिथे ते कोणाचे जावई नव्हते. तिथे ताईबाईनं दारात उभं राहून आपलं आणि आपल्या सुनेचं काम स्वतः सांगितलं, आणि तिच्या शेजारणींनीही. तिथला कागद खरा निघाला. पण तिथली घरं थोडी.

सोयरीक जमली. वैशाखात लग्न झालं. ज्येष्ठात कमलबाई आल्या तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

“तुमच्या गावात कामकरी बाया जवळजवळ नाहीतच म्हणे,” त्यांनी विहिरीवर सांगितलं. “रिकाम्या बायांचं गाव असा शेरा आलाय. पाळणाघर दुसरीकडे गेलं. तुम्हाला शिवणवर्ग दिलाय. फावल्या वेळात शिकायला.”

बायांनी झुंबरबाईकडे पाहिलं. यावर ती काहीतरी बोलेल आणि हसता येईल, असं त्यांना वाटत होतं. तिनं घागर उचलली आणि ती निघून गेली.

बोलली ती ताईबाई, नंतर, निंदणीच्या ओळीत. दोघी आबांच्याच बागायती कापसाच्या वावरात होत्या.

“तुम्हनी इज्जतपायी आम्हना पोरेस्ना पाळणा गया, झुंबर.”

“मी सांगं व्हतं, ताई.”

“सांगं व्हशीन. तू सांगस ते लोके हसाकरता आयकतस.” ताईबाईनं गवताचा मुठा बांधावर भिरकावला. “तुले कोनी खरं मानी का?”

ताईबाई विळा चालवत पुढच्या ओळीला लागली. तिची सून बांधावर पोराला छातीशी धरून बसली होती. त्या दिवसाची तिची मजुरी बुडाली होती.

शाळा उघडायच्या आठवड्यात देवचंद गुरुजी पुन्हा आले. या वेळी पटनोंदणीला : चौथी झालेली मुलं पाचवीला का येत नाहीत, ते घरोघर विचारायचं होतं. आबा बरोबर नव्हते. लग्न होऊन गेलं होतं, जावयाच्या घराला आता दाखवायचं काही उरलं नव्हतं. झुंबरबाई दुपारची भाकरी घ्यायला घरी आली होती, पायांना चिखल तसाच. मंदा उंबऱ्यावर भावाला थोपटत होती.

“वहिनी, पोरगी हुशार आहे. इतकी गैरहजेरी असून पहिल्या नंबरानं पास झाली,” गुरुजी म्हणाले. “पाठवा की.”

“पोऱ्याले कोन धरी?”

“घरात तुम्ही आहातच.”

झुंबरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं, आणि यावेळी ते हसले नाहीत.

“त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही गंमत करताय,” ते हळू म्हणाले. “आता ते कागद जळगावला गेले. आणि खरं सांगू? तुमचं एकटीचं लिहून तरी काय झालं असतं?”

“तुम्हनी घरवालीनं काय लिखं, जवाईबापू? ती बी वावरमा जास. माले माहीत शे. मनी ननीन शे ती.”

गुरुजींनी कागदाची घडी उलटी-सुलटी केली. “आमच्याकडे दुसरे गुरुजी आले होते,” ते म्हणाले. “माझ्या वडिलांनी सांगितलं.”

त्यांनी मंदाचं नाव लिहिलं आणि कारणाच्या जागी पेन टेकवलं. छापील कारणांतलं एक निवडायचं होतं. स्थलांतर होतं, आजार होता, अपंगत्व होतं. वावर नव्हतं, भाऊ नव्हता. गुरुजी एका कारणावर खूण करून उठले.

“काय लिखं?” झुंबरबाईनं विचारलं.

“घरची अडचण,” गुरुजी म्हणाले आणि चपला घालू लागले.

मंदानं मान तिरकी करून कागद वाचला होता. ते गल्लीच्या टोकाला पोचल्यावर तिनं विचारलं,

“माय, अनास्था म्हंजे काय?”

“कोठे वाचं?”

“गुरुजीना कागदवर. ‘पालकांची अनास्था.’”

झुंबरबाईला तो शब्द माहीत नव्हता. तिनं भाकरी फडक्यात बांधली, विळा घेतला. “माले काय माहीत,” ती म्हणाली. “पोऱ्या उठना. त्याले घे, नि चाल. निंदणीले उशीर व्हई ऱ्हायना.”