फूल कोणत्या कानामागं?

चिठ्ठ्या अकरा होत्या. नऊ निळ्या शाईतल्या, एक पेन्सिलीची, एक हिरव्या स्केचपेनची. पिक्चरही अकरा होते. म्हणजे एकाही पिक्चरला दोन मतं नव्हती.

माझ्या मामा-मामीच्या लग्नाला या मे महिन्यात पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा धनेंद्रभाऊ अर्जुनी मोरगावला मोबाइलचं दुकान चालवतो. त्याने ठरवलं, त्या संध्याकाळी केशोरी गावातल्या घरी अंगणात पडदा बांधायचा आणि 'सगळ्यात रोमँटिक पिक्चर' दाखवायचा. कोणता, ते घरातल्या प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. मोजणी माझ्याकडे आली, कारण मी नुकतीच फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले आहे आणि मला सध्या दुसरं काम नाही.

मतांमध्ये काही सूत्र सापडेना. भूमेश्वरीवहिनीच्या पिक्चरमध्ये शेवटी हीरो मरतो, म्हणून तो रोमँटिक. दुर्गाप्रसादकाकांच्या पिक्चरमध्ये कोणीच मरत नाही, म्हणून तो रोमँटिक. टिंकूदादाने मारामारीचा पिक्चर लिहिला होता. कारण विचारलं तर म्हणाला, "तिच्यासाठीच तं मारते ना वो सगळ्यायले!"

दोन चिठ्ठ्यांवर पिक्चरचं नावच नव्हतं. शामकलामामीच्या चिठ्ठीवर होतं, 'उजव्या कानामागं फूल आहे तो.' उदाराममामाच्या चिठ्ठीवर, 'डाव्या कानामागं फूल आहे तो.' मी ते दोन वेगळे पिक्चर धरले आणि निकाल मोठ्याने वाचला.

मामीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"पाह्य, गुंजन. आजही डावाच कान म्हंते. पंचेचाळीस वर्षांत यायले फूल बरोबर नाई दिसलं."

"जसं दिसलं तसं सांगून राहिलो," मामा म्हणाला.

"दिसाले तुमी होतेच कुठं तिथं?"

"शुरू हो गया," धनेंद्रभाऊ पुटपुटला आणि मला ओसरीवर नेऊन त्याने सगळं सांगितलं.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, तंबूवाला पिक्चर आला होता. मामा-मामी शेतावरून बैलांच्या रेंगीतून निघाले, उशिरा पोचले, त्यामुळे पिक्चरचं नाव हुकलं. मामी बायकांमध्ये बसली, मामा गडीमाणसांकडे गेला. पिक्चर सुटल्यावर तो पुरुषांच्या गर्दीत दिसलाच नाही. बऱ्याच वेळाने कुठून तरी भलतीकडून आला. त्याच मंडईत पलीकडे त्याच्या मित्रांची दंडार, म्हणजे रात्रभराचं नाचगाण्याचं नाटक, चालू होती. मामीने ताडलं, की आपल्याला बसवून हा दंडार पाहायला गेला आणि पिक्चरची गोष्ट नंतर कोणाकडून तरी ऐकली. पुरावा म्हणजे फूल. ज्याने स्वतः पाहिलं, तो कान कसा चुकेल?

"मले फुलाचं काय करायचं हाय?" मामी मला चुलीपाशी म्हणाली. "पह्यल्या पिक्चरले मी एकटी होती का आमी दोघं होतो, एवढंच मले पाह्यजे. दंडारीत गेलो म्हनून खरं सांगतलं असतं, तं कवाच सोडून देल्ली असती गोष्ट."

मी वही घेतली. एकाचं उत्तर ऐकून दुसऱ्याचं बदलू नये म्हणून मामीला स्वयंपाकघरात बसवलं आणि मामाला अंगणात. प्रश्न दोघांना तेच.

हिरोईन चिठ्ठी कोणत्या हाताने लिहिते? मामी : उजव्या. मामा : डाव्या.

शेवटी डोंगा, म्हणजे ती होडी, कोणीकडे जातो?

"डावीकडं," मामी म्हणाली. "आपल्या तलावाच्या अंगानं."

"उजवीकडं," मामा म्हणाला. "तलावाच्या अंगानं."

इथे मी थांबले. डावं-उजवं उलटं, पण तलाव दोघांचाही एकच.

"मामा, मशीन कुठं होती?"

"समोर."

"समोर म्हणजे?"

"समोर म्हंजे समोर. पडद्याच्या तिकडं. उजेड डोळ्यात ये. पडद्याच्या मधात एक तारा दिसे पाह्य, दिवसाच्या सीनमंधीही. मी म्हनलो, काय भारी पिक्चर हाय!"

"आणि तुम्ही कुठं बसला होता?"

"पडद्याच्या मांगं. समोर सारी जागा बायकायनं धरली होती, आमी दहा-बारा गडी मांगं जाऊन बसलो."

"हे मामीला कधी सांगितलं नाही?"

"कायले सांगू? पिक्चर तं तोच होता ना!"

मी मामीला वहीत आकृती काढून दाखवली. पडदा, मशीन, अलीकडे ती, पलीकडे मामा आणि त्याला दिसलेला तारा. पातळ कापडातून चित्र मागेही दिसतं, पण आरशासारखं उलटं. तिने आकृती पाहिली, चष्मा काढला आणि पुसला.

"कागदावर काईही काढता येते. मले दाखव. नाई दिसलं तं मी उठून जाईन, मंग केक तुमीच कापा."

मतांची बेरीज मी दुरुस्त केली. पिक्चर दहा, त्यातल्या एकाला दोन मतं. टिंकूदादाने फेरमोजणीची मागणी केली, ती फेटाळली.

नाव शोधायला तीन दिवस लागले. मामी चाल गुणगुणायची आणि धनेंद्रभाऊ दुकानातली गिऱ्हाइकं सोडून मोबाइलमध्ये शोधायचा. शेवटी सापडला. ब्लॅक अँड व्हाइट, मामाच्या लग्नाच्याही आधीचा.

लग्नाच्या वाढदिवशी साडेसातला अंगणात आंब्याच्या फांदीपासून विजेच्या खांबापर्यंत पांढरी चादर ताणली. रुंदी दोन मीटर दहा सेंटिमीटर. प्रोजेक्टर ओसरीवर, आम्ही सगळे त्याच बाजूला. मामा आयुष्यात पहिल्यांदा हा पिक्चर समोरून पाहत होता. हिरोईन आली, फूल आलं. तो पुढे वाकला.

"उजवाच हाय बे," तो हळूच म्हणाला.

मामीने ते ऐकलं. पुढे हिरोईन चिठ्ठी लिहायला बसली, तशी मामी उठली. आम्हाला वाटलं, गेली. ती चादरीला वळसा घालून मागे गेली. चादरीखालून तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. मी मागोमाग गेले.

मागच्या बाजूने हिरोईन डाव्या हाताने लिहीत होती. फूल डाव्या कानामागं होतं. आणि बरोबर मध्ये, तिच्या गालावर, प्रोजेक्टरच्या भिंगाचा ठिपका कापडातून लखलखत होता. मामीने त्यावर बोट ठेवलं.

"हाच काय तारा?"

"हाच," मी म्हणाले.

मग पडद्याआडून तिने हाक मारली.

"अजी! माही खुर्ची घेऊन या इकडं. अन् तुमचीही आना."

मामा दोन्ही हातांत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन निघाला.

"अरे, मग केक?" धनेंद्रभाऊने विचारलं.

"ठेव फ्रीजमंधी!" मागून आवाज आला.

पिक्चर दोन तास चौदा मिनिटांचा होता. मामीने तो समोरून सव्वीस मिनिटं पाहिला, मागून एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं.