यंत्रकाकूचा आवाज

आमची मालिका बंद पडली तेव्हा मी झाडून सगळ्यांना दोष दिला. चॅनेलला दिला, प्रसारणाच्या वेळेला दिला, त्याच वेळी दुसरीकडे लागणाऱ्या कुस्तीला दिला. प्रेक्षकांना तर इतका दिला की माझ्याशी कुणी टीव्हीविषयी बोलेनासं झालं. चौदा वर्षांनी त्याच प्रेक्षकांनी मालिकेचे तुकडे मोबाइलवर एकमेकांना पाठवायला सुरुवात केली, आणि एक निर्माती माझ्याकडे येऊन म्हणाली, "याचा पूर्ण लांबीचा चित्रपट करू." वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं. मी लगेच हो म्हणालो.

मालिका कार्टूनची होती आणि विनोदी होती. अवकाशात, सगळ्या ग्रहांपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे सगळ्यांनाच गैरसोयीचं, असं एक हरवल्या-सापडल्या वस्तूंचं कार्यालय. तिथे कुणी आपली सावली विसरलेला यायचा, कुणी तीन डोक्यांतलं एक हरवलेला. खिडकीत बसलेलं यंत्र म्हणजे यंत्रकाकू. काकू कुणाच्याच दुःखाने हलत नसे. ती कंटाळलेल्या आवाजात एवढंच विचारी, "शेवटचं कुठे ठेवलं होतंस, ते आठव." मालिका लोकांच्या लक्षात राहिली ती या एका वाक्यामुळे. बाकीचं लिखाण मी फार मेहनतीने केलं होतं, ते कुणाला आठवत नाही.

त्यामुळे चित्रपटात काकूचा आवाज तोच हवा, हे निर्मातीने पहिल्या दिवशीच बजावलं. मालिकेच्या श्रेयनामावलीत एका नामवंत अभिनेत्रीचं नाव होतं, म्हणून तिला बोलावलं. आता तिचे केस पिकलेत, नाटकंही तिने सोडलीत. ती काचेपलीकडे जाऊन उभी राहिली, कागद पाहिला आणि हसायलाच लागली.

"अहो, हा आवाज माझा नव्हताच," ती माइकमधून म्हणाली. "मी एकच दिवस आले होते. नंतर यांनी मला बोलावलंच नाही. करारात नाव माझं होतं, म्हणून पाटीवरही तेच राहिलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

निर्मातीने माझ्याकडे पाहिलं. ध्वनिमुद्रकानेही पाहिलं. मी टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"मग कुणाचा?" निर्मातीने मला विचारलं.

"माझ्या बहिणीचा."

"मग तिला बोलवा ना. तिचं नाव घालू. त्यात काय एवढं?"

अर्ध्या मिनिटात विषय संपला. चौदा वर्षं मी जे मूग गिळून सांभाळलं होतं, त्याला तिने 'त्यात काय एवढं' म्हटलं आणि चहा मागवला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली ती लाज, आणि तीही अशी की कपातल्या चहाकडेसुद्धा बघवेना.

झालं होतं ते असं. कार्टूनमध्ये आवाज आधी आणि चित्रं मागून येतात. पात्र काय बोलतं, किती थांबतं, कुठे श्वास घेतं, ते ऐकून ओठांची चित्रं काढावी लागतात. नटीबाईंच्या तारखा मिळेनात आणि चित्रकार हात बांधून बसलेले. अशा वेळी कुणाच्याही आवाजात संवाद वाचून घेतात, त्याला आम्ही कच्चा आवाज म्हणतो. पक्का आला की कच्चा फेकून द्यायचा. मी ताईकडे गेलो. तिच्या घरात कपड्यांचं मोठं कपाट होतं, आत गोधड्या, त्यामुळे आवाज घुमत नसे. ताईला मी कपाटात बसवलं. ती दिवसभराच्या कामाने दमलेली होती, वाचायचा तिला कंटाळा आला होता आणि कपाटात उकडत होतं. काकूचा तो जगप्रसिद्ध थंडपणा त्यातून आला. तिची मुलगी खारू बाहेर जमिनीवर बसली होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून, कारण हसलीस तर खोलीबाहेर काढीन असं मी तिला दटावलं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

दोन आठवड्यांनी नटीबाई आल्या आणि गोड, गोल आवाजात बोलल्या. चित्रातली काकू मात्र ताईसारखी थांबत होती, ताईसारखी उसासत होती. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. तयार चित्रं पुन्हा काढायला वेळ नव्हता. मी म्हटलं, या भागापुरता कच्चाच राहू दे. मग दुसऱ्या भागापुरता. असे सव्वीस भाग झाले. दर रविवारी ताई कपाटात बसायची आणि चॅनेलला मी कळवलं नाही, कारण त्यांनी मालिका घेतली होती ती नटीबाईंच्या नावावर. "पुढे सांगू, ताई," असं मी म्हणायचो आणि ती म्हणायची, "मला काय करायचंय नावाचं? बटाटे कोण चिरणार ते सांग."

इथवर चुकलं असेल तर थोडंसंच. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

खारूने वर्गात सांगितलं की यंत्रकाकू माझी आई आहे. पोरांनी खिल्ली उडवली. दुसऱ्या दिवशी एकाने पडद्यावरचं नाव लिहूनच आणलं. प्रकरण टीचरपर्यंत गेलं आणि खारूने मोठ्या विश्वासाने माझा नंबर दिला. माझा मामाच ती मालिका बनवतो, त्याला विचारा. टीचरांनी फोन केला. मी म्हणालो, "नाही हो, लहान आहे ती. आवाज त्या अभिनेत्रींचाच आहे." टीचर म्हणाल्या, "मला वाटलंच." त्यांनी खारूला वर्गासमोर उभं केलं आणि 'मी खोटं बोलले' असं म्हणायला लावलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "तू असं सांगितलंस?"

"ताई, मालिकेवर गंडांतर आहे. हे बाहेर आलं तर बंदच करतील. जरा टिकू दे, मग मीच सगळ्यांना सांगेन."

तिने फोन ठेवला. मग माझी नोकरी वाचावी म्हणून ती आपल्या मुलीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "अगं, मी तुझी गंमत केली होती. कपाटात मी मामाला नुसतं वाचून दाखवायचे. टीव्हीवर बोलतात त्या दुसऱ्याच."

दोन महिन्यांनी चॅनेलने मालिका बंद केली. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. तेव्हा तरी मी जाऊन सांगायला हवं होतं. मी कुस्तीच्या कार्यक्रमाला शिव्या देत बसलो.

खारूने आईवर राग धरला नाही. राग असता तर निवला असता. तिचा आईवरचा विश्वास उडाला. आई म्हणाली की दूध नासलंय, तर ती स्वतः वास घेऊन बघायची. आई म्हणाली की डोकं दुखतंय, तर थर्मामीटर आणायची. भांडण कसलं नाही, आवाज चढवणं नाही, फक्त "खरंच?" असं एकदा विचारायची. आता ती एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला आहे, दिवसभर लोकांचं रक्त खरं काय सांगतं ते बघते. एकदा माझ्यासमोर ती हसत म्हणाली होती, "मामा, आईचं बोलणं अर्ध्याने घ्यायचं. तिला मोठं व्हायची हौस आहे." ताई तिथेच कपडे घडी करत होती. ती काही बोलली नाही, मीही नाही. मनाची नाही तर जनाची असावी म्हणतात, मला दोन्ही नव्हती.

असा मी रविवारी दुपारी ताईच्या दारात उभा राहिलो, हातात पिशवीभर संत्री घेऊन. काही मागायला जाताना मी नेहमी फळं नेतो, आणि ताईला ते माहीत आहे.

"काय हवंय?" तिने पिशवी घेत विचारलं.

मी सांगितलं. चित्रपट होतोय, आवाज तुझाच हवा, या वेळी नाव तुझं येणार, अगदी पहिल्या पाटीवर. बोलताना मीच किती मोठा उपकार करतोय असा सूर लागत होता, तो मला ऐकू येत होता आणि तो बदलताही येत नव्हता.

ताईने एक संत्रं सोललं. "नाव घाल, नाहीतर नको घालूस," ती म्हणाली. "येईन मी. पण आधी तिला सांग."

"तूच सांग ना. नाव पडद्यावर दिसलं की तिला कळेलच."

"मी सांगितलं तर ती म्हणेल, आता चित्रपट येतोय म्हणून आईने हे जुळवलं. पडद्यावर पाहिलं तर म्हणेल, मामाने दया केली." तिने सालं गोळा केली. "ती मला खोटारडी समजते. चौदा वर्षं. मी काही बोलले नाही, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. पण मला ते सोसत नाही रे आता. एवढं तू कर. नाहीतर तुझी काकू दुसरीकडून आण."

ताईने मला पहिल्यांदाच अट घातली होती. तीही अशी की मोठा चित्रपट एका बाजूला आणि घरातली एक मुलगी दुसऱ्या बाजूला. खरं सांगतो, तरीही मी मनात दुसरे आवाज मोजून पाहिले. ताईकडे यायचं टाळत मी आधीच चाळीस ऐकले होते आणि सगळे नाकारले होते.

खारू चारला आली. तिने बूट काढले, हात धुतले, माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "मामा, संत्री? काय काम काढलंस?" ताई उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं ती निदान दारात थांबेल. ती थांबली नाही.

मी सांगितलं. आधी आडवळणं घेतली, ओठांची चित्रं, तारखा, चॅनेल. खारूने मध्येच हात वर केला. "सरळ सांग."

"यंत्रकाकू तुझी आईच होती. सव्वीसच्या सव्वीस भाग. तू खरं बोलली होतीस. टीचरना मी खोटं सांगितलं. आणि तुझ्या आईने तुला गंमत म्हणून सांगितलं ते मला वाचवायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. 'खरंच?' असं तिने विचारलं नाही. मला वाटतं, माझ्या चेहऱ्यावर ते लिहिलेलंच असावं.

"टीचरांचा फोन आला तेव्हा तू कुठे होतास?"

"स्टुडिओत."

"काय करत होतास?"

आत्ताही वेळ मारून नेता आली असती. आठवत नाही म्हटलं असतं तर चाललं असतं, एवढ्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? पण मला आठवत होतं. ते मला रोजच आठवतं.

"चॅनेलचा माणूस आला होता," मी म्हणालो. "त्याला नवा भाग ऐकवत होतो. खोलीत तुझ्या आईचाच आवाज लावलेला होता. फोनवर नीट ऐकू येईना, म्हणून मी तो बारीक केला. आणि मग टीचरना सांगितलं की तो तिचा नाही."

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

खारू खाली बघत म्हणाली, "मला वर्गासमोर उभं केलं होतं. सगळे बघत होते. 'मी खोटं बोलले', असं मला मोठ्याने म्हणायला लावलं, आणि मी म्हटलं." तिने वर पाहिलं. "त्या दिवशी मी खोटं बोलले ते तेवढंच."

मला माफ कर म्हणायचं होतं. घरून निघताना ते शब्द मी जुळवूनही आणले होते. पण ते ऐकायला ती तिथे बसायला हवी होती, आणि ती उठली होती.

"मामा, तू जा आता," ती म्हणाली. रागाने नाही. "मला आईशी बोलायचंय. मी तिला खूप काही बोललेय."

ती आत गेली आणि तिने दार लोटलं. मी बूट घातले. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही, मग दोघींपैकी कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. कुणाचं ते मला ओळखता आलं नाही, आणि आवाज ओळखण्यावर तर माझं पोट चालतं. थोड्या वेळाने ताईने आतूनच सांगितलं, "उद्या दहाला येते मी स्टुडिओत." एरवी ती मला काही खाल्ल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी तिने थांब म्हटलं नाही, आणि मीही थांबलो नाही.