पहारेकऱ्याची एक नोंद

घड्याळजींचा मेहुण्यावर काडीचाही विश्वास नव्हता. दोघांनीही बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम लिहिले होते आणि क्लबच्या सामन्यात अकरा वर्षं मेहुण्याचाच प्रोग्राम जिंकत होता. यंदा घड्याळजींची नजर अधू झाली. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले, पण पुढच्या वर्षी स्क्रीन वाचता येईलच असं नाही, हेही सांगितलं. म्हणजे हरवायचं तर आत्ताच.

आणि नेमका अशा वेळी मेहुणा घरी येऊन म्हणाला, "भाऊजी, कॉम्प्युटरवरची लिनक्स सिस्टिम सोडा आणि फ्रीबीएसडी घ्या. तुमचा प्रोग्राम जरा जास्त पळेल."

"तुझा कशावर चालतो?"

"फ्रीबीएसडीवरच."

कुठेतरी पाणी मुरत होतं. घड्याळजींनी दोन्ही सिस्टिम आलटूनपालटून चालवल्या, तेच शंभर डाव दिले, सेकंदाला किती चाली तपासल्या जातात ते मोजलं. त्यांच्या मशीनवर फ्रीबीएसडी खरंच केसभर पुढे निघाली. सल्ला खोटा निघाला असता तर बरं झालं असतं, निदान जिवाला घोर तरी लागला नसता!

"माझा भाऊ आहे तो, चोर नाही," बायको म्हणाली.

"तू त्याचीच बाजू घेणार."

चाचणीआधी फ्रीबीएसडी मेहुण्यानेच बसवून दिली होती. म्हणूनच घड्याळजींनी गुपचूप एक छोटा प्रोग्राम लिहून आत सोडला: पहारेकरी. कोण कशाला हात लावतो हे तो क्षणाक्षणाला तपासून नोंदवायचा. नोंदी सामन्यानंतर सगळ्यांसमोर उघडायच्या आणि मेहुण्याचं पितळ उघडं पाडायचं, असा बेत होता.

शनिवारी ते दुकानात असताना मेहुणा "शेवटचं बघून जातो" म्हणून घरी येऊन गेला. संध्याकाळी स्क्रीन एकदम स्पष्ट दिसू लागली. थेंबांचा गुण आला, असं घड्याळजींना वाटलं.

रविवारी सामन्यात त्यांचा प्रोग्राम मेहुण्याच्या प्रोग्रामला मात देण्यापासून तीन चाली दूर होता. पण तो निवांत विचार करत बसला आणि क्लबच्या घड्याळात त्याचा वेळ संपला. हरला!

"हात दाखवलास ना शेवटी?" घड्याळजी सगळ्यांदेखत ओरडले.

मेहुण्याने घड्याळजींच्या मशीनवरची चालू कामांची यादी उघडली. "हा पहारेकरी कोण, भाऊजी? अर्धा प्रोसेसर हाच खातोय. आणि तुमचा प्रोग्राम वेळ कसा मोजतो?"

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा प्रोग्राम फक्त स्वतः राबलेला वेळ मोजायचा. मशीनवर एकटा होता तोवर हिशेब जुळत होता. पहारेकरी राबत असतानाचा वेळ मात्र त्याच्या लेखी सरतच नव्हता. जन्मभर लोकांची घड्याळं लावणाऱ्या माणसाने आपल्याच प्रोग्रामला खरं घड्याळ बघायला शिकवलं नव्हतं.

"बघू तरी, काय पकडलंय ह्याने," म्हणत मेहुण्याने नोंदी उघडल्या. आत एकच ओळ होती. शनिवार, दुपारी चार, मेहुणा: स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार वाढवला.

"ताई म्हणाली, तुम्हाला वाचायला त्रास होतो," मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला. "विचारलं असतं तर तुम्ही हात लावू दिला नसता."

ती ओळ घड्याळजींना चष्म्याशिवाय वाचता येत होती.