पाठमोरे बगळे

दुबईत अल क्वोजमधल्या त्या वर्कशॉपात सकाळी अकराला सात लाकडी ढाली भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर सत्तरीची एक जर्मन बाई उभी होती.  तिच्या मागे मालक सत्यजित. कोरायच्या मशीनजवळ भुसा झाडायचं निमित्त करून, ते मशीन चालवणारा आत्माराम त्या बाईच्या मानेकडे बघत होता. मान उजवीकडे गेली, परत डावीकडे आली आणि तिथेच अडकली.

ढाली तिच्या कुळाच्या. लोहर्नाऊ नावाचं सरदार घराणं, सातशे वर्षांपूर्वीचं. बाई थोरल्या घराची; त्या घराची ढाल रुपेरी, तिच्यावर काळा बगळा. पुढे भाऊ वेगळे झाले, घरं फुटली. पण प्रत्येक धाकट्यानं बगळा काही सोडला नाही. कुणी ढालीची जमीन लाल केली, कुणी बगळ्याच्या डोक्यावर तारा बसवला, कुणी चोचीत मासा दिला. ढाल बघावी आणि ओळखावं, हा कुठल्या शाखेचा. बाईच्या पुतण्याचा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कारखाना होता. त्यानं सातही शाखांची माणसं एका हॉटेलात बोलावली होती. आज, संध्याकाळी सहाला.

बाई शेवटी बोलली ती अगदी हळू. तिच्याकडे रिवाज असा की नातलगांच्या ढाली एका ओळीत लावल्या की थोरल्या घराची मधे, आणि दोन्ही बाजूंच्या पक्ष्यांची तोंडं तिच्याकडे. एरवी सगळे बगळे एकाच दिशेला, डावीकडे बघतात, पण मानानं उभं राहायचं तेव्हा एका बाजूचे वळवून घ्यायचे. इथे डावीकडचे तिन्ही बगळे थोरल्याकडे पाठ करून उभे होते. आणि नेमकी तीच तीन घरं दोनशे वर्षं थोरल्या घराशी बोलत नव्हती. त्यांची म्हातारी माणसं आज पहिल्यांदा येणार होती.

“त्यांना वाटेल, हे मी मुद्दाम केलं,” ती म्हणाली.

आत्मारामला इंग्रजी बेताचंच कळायचं, पण बाईनं हातानं दाखवलं ते कळायला भाषा लागत नव्हती. आणि ते कळलं तसा त्याचा झाडू थांबला.

सत्यजितनं वळून अपूर्वाकडे पाहिलं. अपूर्वा चार महिन्यांपूर्वी लागलेली डिझायनर. सगळ्या ढालींच्या फाइल तिनं केलेल्या. हा सगळा आठवडा ती हॉटेलातल्या भिंतीची मापं घेत होती, त्यामुळे तयार ढाली तीही आत्ताच बघत होती. ती म्हणाली की तिनं तीन बगळे वळवूनच पाठवले होते. लॅपटॉप उघडला. तिच्या फाइलीत बगळे वळलेले, मशीनच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलीत न वळलेले. मशीनचा पासवर्ड सगळ्यांचा एकच, म्हणजे कुणी काय केलं ते कळायची सोय नाही. बोलता बोलता तिचाच आवाज बसत गेला. पाठवतानाच काही गडबड झाली की काय, असं तिलाही वाटायला लागलं असावं.

“प्रोबेशन रविवारी संपतंय ना तुझं?” सत्यजितनं विचारलं. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “मग खलास. घरी कळवून ठेव.”

आता ऐका, आत्मारामनं काय केलं होतं ते. या वर्कशॉपात काचेच्या दारांची स्टिकरं रोज निघतात. आतून चिकटवायची म्हणून त्यांच्या फाइल उलट्या येतात, आणि एकोणीस वर्षं ज्याचे हात त्यात गेले, त्याला उलटी आकृती दिसली की बोटं आपोआप तिला सुलटी करतात. मंगळवारी त्याला सातांतले तीन बगळे उलटे दिसले. पोरीची चूक झाली, त्याला वाटलं. मालकाला कळलं तर नव्या पोरीला बोलणी बसतील. म्हणून कुणाला न सांगता त्यानं तिन्ही फिरवले आणि मशीन सुरू केलं. त्या दिवशी जेवताना त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

आणि आज सत्यजितच्या टेबलावर, काचेखाली, एक कागद होता. आत्मारामची बायको सगुणा देवगडहून महिनाभरासाठी येणार होती, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्या व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागत होतं. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये भजनी मंडळातल्या रुपालीवहिनींनी आपल्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी करून ठेवली होती. पत्रावर आज संध्याकाळी सही करतो, असं सत्यजित कालच म्हणाला होता.

तोंड बंद ठेवायचं, बस. मशीनला नाव-गाव नसतं.

पण दर शुक्रवारी रुपालीवहिनींच्याच घरी हरिपाठ व्हायचा. दोन रांगा समोरासमोर, मधे वीणेकरी, आणि टाळ घेऊन आत्माराम डाव्या रांगेत पहिला. वीणेकडे पाठ करून टाळ वाजवणारा कधी कुणी पाहिलाय? उद्या शुक्रवार. उद्या तिथे आपलं तोंड कुठल्या दिशेला असेल, हे त्याला लख्ख दिसलं.

त्यानं झाडू भिंतीला लावला.

“साहेब, पोरीची फाइल बरोबर होती. ते बगळे मी फिरवले.”

सत्यजितला आधी कळलंच नाही. मग त्यानं विचारलं, “विचारलं का नाही मला?”

“विचारलं असतं तर तिची चूक तुम्हाला कळली असती.”

अपूर्वा त्याच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे माझी न झालेली चूक झाकायला तुम्ही खरी चूक केलीत, काका,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण टोमणा चांगलाच बसला.

सत्यजितनं घड्याळ पाहिलं. पावणेबारा. एक बगळा मशीनवर नीट कोरायला दोन तास. तिघांचे सहा, वर रंग. जमणारं नव्हतं. आत्माराम म्हणाला, मशीननं फक्त ढोबळ आकार काढायचा, एकेकाला पाऊण तास. पिसं, डोळा, चोच तो पटाशीनं हातानं कोरील. त्याच्या घरी तीन पिढ्या देव्हारे कोरत आल्या होत्या. बगळे ढालीवर मागून स्क्रूनं बसवलेले होते, म्हणजे ढाली शाबूत राहणार होत्या.

“यल्ला, लागा कामाला,” सत्यजित म्हणाला. 

पुढचे पाच तास कुणी जेवायलाही थांबलं नाही. मशीन ओरडत होतं, आत्मारामच्या पटाशीखालून पिसं उठत होती, आणि रंगारी तय्यब हातात ब्रश घेऊन त्याच्या डोक्यावर उभा होता. दुसऱ्या बगळ्याच्या वेळी पटाशी सटकून अंगठ्यात गेली. अपूर्वानं चिंधी बांधली आणि फडक्यानं लाकूड पुसलं. मासेवाला तिसरा बगळा साडेचारला संपला. त्याचा रंग वाळायला वेळच उरला नाही. शेख झायद रोडवरच्या गर्दीत आत्मारामनं ती ढाल मांडीवर आडवी धरली आणि उजव्या हातानं तिच्यावर वारा घातला.

सहाला दहा कमी असताना ती ढाल भिंतीवर चढली. मधे थोरला, दोन्ही बाजूंना तीन-तीन, सगळ्यांची तोंडं आत. बाई खाली उभी राहून एकेक बघत गेली. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा वेळेआधीच आत आला. तो आपल्या घराच्या, मासेवाल्या ढालीसमोर थांबला.   म्हाताऱ्यानं बगळ्याच्या चोचीपासून थोरल्या ढालीपर्यंत हवेत बोटानं रेघ ओढली, मग वळून बाईकडे गेला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला.

परतताना गाडीत सत्यजित म्हणाला की अपूर्वाची नोकरी पक्की. मग म्हणाला, “तुम्ही महिनाभर मशीनच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. आणि ते पत्र पुढच्या महिन्यात बघू. आज माझा हात सहीला वळत नाही.”

“बरं,” आत्माराम म्हणाला. अंगठा ठणकत होता.

खोलीवर पोचल्यावर त्यानं सगुणाला फोन लावला. या महिन्यात जमत नाही म्हणाला, आणि का ते सगळं सांगितलं. बगळे, शाखा, दोनशे वर्षांचा अबोला.  बांधून ठेवलेली बॅग तिला आठवत असेल.

“एकोणीस वर्षं थांबले,” ती म्हणाली, “त्यात आणि एक महिना. पण ते बगळे तसेच पाठमोरे ठेवून मला बोलावलं असतंत ना, तर मी विमानतळावरूनच परत फिरले असते.”

आत्मारामनं ठणकणारा अंगठा मुठीत धरला.

“आणि काय हो,” तिनं विचारलं, “सगळे थोरल्याकडे बघतात. मग थोरला कुणाकडे बघतो?”

त्यानं डोळे मिटून भिंत आठवली. मधला बगळा डावीकडे बघत होता. सरळ त्या तीन घरांकडे.