कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी

मित्रांनो, मी ऐनाच्या लाकडाचा एक जुना ओंडका आहे. माझी कहाणी ऐकताना तुम्हाला माझी दया येईल कदाचित. ती नको. मी रागावलेलो आहे, आणि माझा राग तुम्हाला समजावा एवढीच माझी इच्छा आहे.

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात आमच्या नदीला पूर आला आणि माझे झाड मुळासकट उपटले गेले. मी नदीतून खाडीत गेलो, खाडीतून समुद्रात गेलो आणि लाटांनी मला दिवेआगरच्या किनाऱ्यावर आणून टाकले. तिथे मी कित्येक वर्षे पडून होतो. साल गेली, अंगात भोके पडली, मुळे म्हाताऱ्याच्या बोटांसारखी वाकडी झाली. एकदा कुणीतरी मला शेकोटीत घातले. समुद्राचे पाणी इतके मुरले होते की मी नुसता धुमसलो. त्या माणसाने शिवी देऊन मला लाथेने दूर ढकलले.

मग मला कोकिळाबाई भेटल्या. दिवेआगरला नारळी-पोफळीची वाडी असलेल्या येसाजींची ही मुलगी तळा गावातल्या एका शाळेत शास्त्र शिकवत असे आणि सुट्टीत घरी येत असे. तिने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटांनी मला ठोकून पाहिले आणि मला वाळूतून ओढत घरी नेले.

"कोकिळे, सरपण आणलंस होय?" येसाजींनी विचारले.

"सरपण नाही, आबा. माशांचं घर आहे हे."

"माशांना घर कशाला? समुद्र कमी पडला काय?"

कोकिळाबाईंनी मला तांब्याच्या मोठ्या तपेल्यात उकळले. मी आत मावेना, म्हणून आधी एक टोक, मग दुसरे. नंतर विहिरीजवळच्या दगडी डोणीत मला बुडवून वर जात्याची तळी ठेवली, कारण मी सारखा तरंगत होतो. रोज त्या पाणी बदलत आणि थेंबभर जिभेवर घेऊन खारटपणा गेला का ते पाहत. शेवटी मीठ गेले, पण माझा रंग जाईना. दर सकाळी डोणीतले पाणी तांबूस झालेले असे.

"हा ओंडका घाण सोडतोय," येसाजी म्हणाले.

"घाण कसली, आबा? कोळी आपली जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवतात ना, कुजू नयेत म्हणून? तोच रंग आहे हा."

मित्रांनो, माझ्या बाजूने कुणीतरी पहिल्यांदाच बोलले होते.

मी एस.टी.च्या टपावर बसून तळ्याला आलो. शाळेत लोखंडी चौकटीची, चारी बाजूंनी काच असलेली एक टाकी तयार होती. कोकिळाबाईंच्या मदतीला आठवीतली राही असे. ती शेजारच्या वाडीतल्या भातशेती करणाऱ्या घरातली होती आणि रोज ओढ्याच्या काठाने चालत शाळेत येई. तिने ओढ्यातली वाळू टोपलीत घोळून, गढूळपणा जाईपर्यंत धुऊन आणली. वाळूवर मला आडवे ठेवले. मग शाळेच्या अंगणातल्या बदामाची पाने गोळा झाली.

"हिरवी नकोत," बाई म्हणाल्या. "झाडाने आपणहून टाकलेली, लाल होऊन वाळलेली तेवढीच घे."

राही हसायला लागली. "बाई, आमी रोज सकाळी हाच पाला झाडून टाकतो. आन् तुमी काचेच्या पेटीत भरताय!"

"तुमच्या ओढ्याच्या डोहात तळाशी काय असतं?"

"कुजकी पानं."

"मग? त्या पानांवर बारीक जीव वाढतात, ते माशांची पिल्लं खातात. पानांखालीच ती लपतात. डोहात कुणी झाडू मारतं का?"

पाने भिजवून जड केली, तळाशी पसरली. ओढ्याचे पाणी घागरींनी आणून हळूहळू ओतले. वर्गातल्या मुलींना वाटले, आता लगेच मासे येणार. पण बाईंनी घाई केली नाही. पाने आणि मी आपला रंग सोडत राहिलो. पाणी आधी पिवळट झाले, मग मधासारखे, मग अगदी कोऱ्या चहासारखे. तेव्हा कुठे राही आणि बाई डोहावर गेल्या आणि पंच्याने मासे धरून पाण्याच्या घागरीतून घेऊन आल्या. बोटाएवढे मासे होते ते, प्रत्येकाच्या कपाळावर चांदीचा ठिपका.

पहिल्या दिवशी ते माझ्याखाली दडून बसले. मग हळूहळू बाहेर आले. सकाळचे ऊन खिडकीतून तांबूस पाण्यात शिरले की ते ठिपके दिव्यांसारखे लुकलुकत. मुली मधल्या सुट्टीत डबा हातात धरून टाकीपुढे उभ्या राहत. बाजाराला आलेल्या बायकाही डोकावून जात. माझ्या मुळांच्या बारीक फटींत माशांनी अंडी घातली. शेकोटीतही ज्याचा उपयोग झाला नाही, त्याच्या अंगाखांद्यावर आता कुणाची तरी पिल्ले वाढणार होती! मी सुखात होतो. ते दिवस मला अजून आठवतात आणि म्हणूनच पुढचे विसरता येत नाही.

शाळेचे हेडमास्तर दयाराम सर स्वच्छतेचे भोक्ते होते. टोपी कडक इस्त्रीची, खिशात घडीचा रुमाल. टाकीपाशी आले की तो रुमाल नाकाला लागे. पाण्याला वास नव्हता, तरी लागे.

"बाई, हे पाणी बदला. गटार वाटतं."

"सर, या माशांना असंच पाणी लागतं."

"पाणी म्हणजे स्वच्छ हवं. आणि तो पाला काढा. तो ओंडका तर आधी."

बाई दर वेळी समजावत. सर दर वेळी ऐकून घेत आणि दर वेळी पुन्हा तेच बोलत. ज्याला समजून घ्यायचेच नाही, त्याला किती वेळा सांगायचे?

त्या उन्हाळ्यात वरच्या घाटात रस्त्याचे काम निघाले. खडक फोडायला सुरुंगाची दारू आली होती. तिथल्या काही लोकांनी संध्याकाळच्या कालवणासाठी डोहातच सुरुंग उडवला. दुसऱ्या दिवशी राही धावत वर्गात आली. तिचा परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला होता.

"बाई, डोह मेला!"

"काय झालं? नीट सांग."

"मोठं मासं पोत्यात भरून नेलं. बारकं सगळं पांढरं पोट वर करून पडलंय. आपल्या ठिपक्यावालं एक बी जित्तं न्हाय."

त्या दोघी ओढा वरपासून खालपर्यंत शोधून आल्या. कपाळावर चांदीचा ठिपका असलेला एकही मासा सापडला नाही. बाईंनी टाकीतले मासे एकेक करून मोजले. मग म्हणाल्या, "राही, आता आहेत ते एवढेच. पाऊस ओसरला, डोह निवळला, की ह्यांची पिल्लं परत तिथं सोडायची."

सबंध पावसाळा आम्ही त्या एका गोष्टीसाठी जगलो. पिल्ले माझ्या भोकांतून आतबाहेर करत मोठी झाली. त्यांच्याही कपाळावर ठिपके उमटले. गणपती झाले की त्यांना सोडायचे ठरले. सुट्टीत बाई दिवेआगरला घरच्या गणपतीला गेल्या. जाताना राहीला बजावून गेल्या, "रोज येऊन बघ. पाण्याला कुणाला हात लावू देऊ नको."

शाळा उघडायच्या दिवशी अलिबागहून एक मोठे पाहुणे शाळा पाहायला येणार होते. आदल्या दिवशी दयाराम सर शिपाई धर्माला घेऊन आले. राही टाकीपाशीच होती.

"सर, बाईंनी सांगितलंय, पाणी बदलायचं न्हाय."

"बाई मोठ्या की मी मोठा?"

राही टाकीच्या आडवी उभी राहिली. सरांनी तिचा दंड धरून तिला बाहेर काढले आणि दार लावून घेतले. ती बाहेरून दार बडवत होती. धर्माने पाणी उपसले. बदामाची पाने खराट्याने ओढून उकिरड्यावर गेली. मला तारेच्या ब्रशने घासले, चुना चोपडला आणि विहिरीच्या कठड्यावर उन्हात टाकले. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणून टाकी धुतली, तीच पावडर नव्या पाण्यातही मिसळली. मासे बादलीत होते, ते त्या पाण्यात ओतले.

"साहेब, मासं उलटं व्हायला लागलं," धर्मा म्हणाला.

"पाणी बघ! कसं काचेसारखं झालं!" दयाराम सर म्हणाले.

मित्रांनो, मला हात असते तर! मी कठड्यावरून, खिडकीतून ते सगळे पाहिले. लहान पिल्ले आधी गेली, मग मोठे मासे. दिवस मावळायच्या आत धर्माने त्यांना काढून केळीच्या बुंध्याशी टाकले. आणि सरांनी काय केले असेल? घरून आपल्या नातवाचे खेळण्यातले सेल्युलॉइडचे मासे आणले, लाल आणि पिवळे, आणि त्या स्वच्छ पाण्यावर तरंगत सोडले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे टाकीपुढे थांबले. "वा! काय स्वच्छता आहे! शाळा असावी तर अशी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी कोकिळाबाई बसमधून उतरून, हातातल्या पिशवीसकट आत आल्या. त्यांनी टाकीकडे पाहिले.

"माझे मासे कुठं आहेत?"

"बाई, पाहुण्यांसमोर हे काय?" सर दबक्या आवाजात म्हणाले.

"मासे कुठं आहेत, सर?"

धर्मा खाली मान घालून म्हणाला, "मागं, केळीखाली टाकलं, बाई."

बाई मागे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात केळीच्या पानाचा तुकडा होता आणि त्यावर मुंग्या लागलेले मासे. पाहुण्यांसाठी टेबलावर मांडलेल्या पोह्यांच्या बशीशेजारी त्यांनी ते पान ठेवले.

"हे या टाकीतले मासे. ओढ्यातले सुरुंगाने मेले. हे स्वच्छतेने मेले."

पाहुणे ओशाळले. "अहो बाई, मासेच ना? बाजारात मिळतात की."

"बाजारात मिळतात ते मेलेलेच असतात, साहेब. तसे हेही आता आहेत."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिले आणि ते गाडीत जाऊन बसले. पुढे काय झाले म्हणता? दयाराम सरांना कुणी जाब विचारला नाही. उलट महिन्याभराने स्वच्छ शाळा म्हणून प्रशस्तिपत्र आले आणि ते चौकटीत घालून सरांच्या खोलीत लागले.

कोकिळाबाईंनी नोकरी सोडली नाही की रडत बसल्या नाहीत. त्यांनी आणि राहीने माझ्या अंगावरचा चुना दगडाने खरवडून काढला, मला पुन्हा भिजत घातले आणि टाकी पहिल्यापासून लावली. वाळू तशीच. बदामाची पाने तशीच. पाणी पुन्हा कोऱ्या चहासारखे झाले. फक्त मासे नव्हते. ती टाकी त्यांनी हेडमास्तरांच्या दारासमोर, वऱ्हांड्यात ठेवली.

"रिकामी टाकी इथे कशाला?" सर चिडले.

"रिकामी नाही, सर. ओढ्यात आता जेवढं उरलंय, तेवढं हिच्यात आहे."

सरांना ती हलवता येईना. सगळ्या गावाला कारण माहीत झाले होते. नव्या मुली यायच्या, काचेला नाक लावून शोधायच्या आणि विचारायच्या, "यात काय आहे?" राही त्यांना सगळे सांगे, काहीही न गाळता.

पुढच्या वर्षी दुसरे पाहुणे आले. टाकीपुढे वाकून, चष्मा सारखा करून त्यांनी बराच वेळ पाहिले. "लाकूड आहे, पाने आहेत. यात मासे दिसत नाहीत?"

"ते सर सांगतील," कोकिळाबाई म्हणाल्या.

सगळी शाळा रांगेत उभी होती. दयाराम सरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसले, तोंड उघडले आणि तसेच मिटले. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत.

पुढे राही शिकून गेली, बाईंची बदली झाली, टाकीची काच तडकली. मी आता वऱ्हांड्याच्या पायरीखाली पडून आहे. मुले माझ्यावर चपला ठेवतात. त्याचे मला काही वाटत नाही. डोहात मात्र ते मासे अजून आलेले नाहीत. त्याचे वाटते.

म्हणून सांगतो, मित्रांनो. एखादी गोष्ट तुमच्या डोळ्यांना मळकी दिसली म्हणून खराटा उचलू नका. तिच्यात कुणाचा संसार चालला आहे का, ते आधी पाहा, ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. आणि कुणी न विचारता खराटा चालवला, तर गप्प बसू नका. तो कितीही मोठा असो, त्याच्या टोपीला कितीही कडक इस्त्री असो, चारचौघांत त्याला विचारा, मासे कुठे आहेत? आणि त्याने उत्तर देईपर्यंत त्याच्या दारातून हलू नका.