कमरेपर्यंतचा मार्सेल

मार्सेल सीर इराकला गेला आणि तिसऱ्याच आठवड्यात घरी परत आला, पण कमरेपर्यंतच. कुरियरवाल्याने त्याला एका सपाट खोक्यातून आणलं, लिनेटची सही घेतली आणि तो पुढच्या घरी गेला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कडेने कापलेला तो मार्सेलचा फोटो होता. गणवेश, टोपी, हसू, सगळं खऱ्या मापाचं. पट्ट्याशी मात्र माणूस संपत होता, कारण पूर्ण उंचीचा माणूस मोटारीत मावत नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यात नॅशनल गार्डच्या, म्हणजे राखीव सैन्याच्या, कुटुंबांसाठी काम करणारी एक समिती असे पुठ्ठ्याचे बाप फुकट देत होती. बाप वर्षभर परदेशात राहणार, तेवढ्या काळात लहान मुलांनी त्याचा चेहरा विसरू नये, एवढाच त्यामागचा हेतू. मार्सेल गेला तेव्हा जोसी दीड वर्षाची होती.

लिनेटने अर्ज केला तो शेजारच्या व्हॅलमुळे. व्हॅलचा नवरा आदल्या खेपेला परतला तेव्हा त्याच्या मुलाने त्याला पाहून भोकाड पसरलं आणि पुढे दोन महिने तो बापाला "मिस्टर" म्हणत होता. "एकदा मला म्हणाला, मिस्टर रात्रीही राहणार आहेत का?" व्हॅल हे हसत हसत सांगे, पण तिचा नवरा ते ऐकताना उठून बाहेर जाई. लिनेटने ते पाहिलं होतं. आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं.

त्यामुळे पुठ्ठ्याचा मार्सेल कामाला लागला. सकाळी तो जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर टेकून बसे. कुट्टूच्या पिठाची धिरडी खाऊन झाली की जोसी मेपलच्या पाकाने चिकटलेल्या तोंडाने त्याच्या नाकाचा पापा घेई. मोटारीत तो पुढच्या सीटवर पट्टा लावून बसे. पेट्रोल पंपावरचा म्हातारा काच पुसताना त्याला हात करी.

अडचण आली ती सासूकडून. ओडीलला सगळं गाव मेमे, म्हणजे आजी, म्हणत असे. लिनेटही तेच म्हणे.

"रविवारी तो माझ्याकडे," मेमेने जाहीर केलं. "चर्चला नेईन म्हणते."

"मेमे, मार्सेल दहा वर्षांत चर्चला गेलेला नाही."

"म्हणूनच. आता नाही म्हणायची सोय नाही त्याला."

त्या रविवारी मार्सेल पहिल्या बाकावर बसला. फादरचं प्रवचन लांबलं, पण त्याने एकदाही जांभई दिली नाही. मेमे आठवडाभर हेच सांगत फिरली. मग चर्चच्या तळघरातल्या शनिवारच्या बीन्सच्या पंगतीलाही तो जाऊ लागला. तिथे बायका त्याच्याशी बोलत आणि मेमे त्याच्या वतीने उत्तरं देई. त्याचा गाल मळला की ती अंगठ्याला थुंकी लावून पुसे. खऱ्या मार्सेलने हे बाराव्या वर्षानंतर कधी करू दिलं नव्हतं.

हिवाळा संपेपर्यंत पाकाने आणि पाप्यांनी नाकाचा रंग उडाला. लिनेट समितीकडे नव्या चित्राची मागणी करणार, तेवढ्यात मेमेने भुवयांच्या पेन्सिलीने नवं नाक काढून टाकलं.

"हे काय केलंत?"

"सीर घराण्याचं नाक आहे हे."

"मग हा तुमच्या भावासारखा का दिसतोय?"

"माझा भाऊ देखणा होता," मेमे म्हणाली आणि पेन्सिल पर्समध्ये ठेवली.

मार्सेलचा फोन पंधरवड्यातून एकदा येई, तोही मध्ये मध्ये तुटत.

"मी काय करतोय सध्या?" तो विचारी.

"कालच आईबरोबर बीन्स खाऊन आलास. चर्चमध्ये तुझं चांगलं नाव आहे."

"तब्येत?"

"नाक गेलं. आईने नवं बसवलंय."

तो हसे. मग दर वेळी एकच प्रश्न विचारी. "जोसी ओळखेल ना मला?"

"रोज सकाळी चाटते ती तुला," लिनेट सांगे. फोन ठेवल्यावर मात्र तिला व्हॅलचा नवरा आठवे.

तुकडी परतण्याची वेळ सुरक्षेच्या कारणाने आदल्या दिवशीच कळवली गेली. लिनेटने जोसीला नवा फ्रॉक घातला आणि मेमेला बजावलं, "पुठ्ठा घरीच राहील. दोन दोन बाप पाहून पोर गोंधळेल."

मेमेने लगेच मान हलवली. ती इतक्या सहज ऐकतेय, तेव्हाच लिनेटला संशय यायला हवा होता. गार्डच्या कवायतीच्या हॉलमध्ये पोहोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं, तर मेमे काखेत मार्सेल घेऊन येत होती.

"वर्षभर घर सांभाळलं त्याने," मेमे म्हणाली. "आजच्या दिवशी एकट्याला सोडायचं?"

भांडायला वेळ नव्हता. तुकडी आत आली, रांगेत उभी राहिली, अधिकाऱ्याने सुदैवाने थोडक्यात आटोपलं आणि रांग मोडली. मार्सेल त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. वाळलेला, उन्हाने रापलेला. त्याने आधी लिनेटला मिठी मारली, मग आईला, आणि मग वाकून दोन्ही हात पुढे केले.

"जोसी."

जोसीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग नजर खाली खाली नेत बुटांपर्यंत आणली. तिथे ती बराच वेळ थांबली. मग ती वळली, मेमेने खुर्चीवर टेकवलेल्या पुठ्ठ्याजवळ गेली आणि तिने त्याला मिठी मारली.

"पापा इथे," ती म्हणाली.

मार्सेलचे हात तसेच पुढे राहिले. मेमेने पर्स उघडली, पुन्हा बंद केली.

लिनेट जोसीकडे पाहत होती. पोर पुठ्ठ्याला धरून होती, पण तिचे डोळे पुन्हा पुन्हा त्या बुटांवर जात होते. चेहऱ्याबद्दल तिची तक्रार नव्हतीच. वर्षभर आपण तिला अर्धाच माणूस दाखवला, हे लिनेटच्या तेव्हा लक्षात आलं.

"मार्सेल, त्या केकच्या टेबलामागे जा," ती म्हणाली. "आणि उकिडवा बस. पट्ट्याच्या वरचाच दिसला पाहिजेस."

"काय?"

"पाय लपव. हात खाली. हस. आणि हलू नकोस."

"तिकडचा सार्जंट तुझ्यापेक्षा बरा होता," तो म्हणाला, पण गेला. टेबलावरची पांढरी चादर जमिनीपर्यंत आलेली होती. तिच्या वर मार्सेल उगवला, कमरेपर्यंत, फोटोतल्यासारखा हसत.

जोसीने पुठ्ठा सोडला. ती टेबलाच्या टोकाशी आली, एका पापाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मग व्हॅलने केलेल्या चॉकलेट केकमध्ये तिने चार बोटं घातली, टेबलाला वळसा घालून मार्सेलच्या शेजारी गेली आणि त्याच्या नाकावर सगळं क्रीम फासलं. घरच्या पापाने यावर कधी काही केलं नव्हतं. या पापाने जीभ बाहेर काढली आणि क्रीम चाटायचा प्रयत्न केला. जीभ पोहोचेना.

जोसी हसली. मग तिने स्वतः मुका घेऊन नाक साफ केलं आणि बोटाने घासून पाहिलं. नाक गेलं नाही.

पुढच्याच क्षणी ती चादरीखाली शिरली. आतून गुडघ्यावर थापा मारल्याचा आवाज आला, मग बुटांवर. मग चादरीखालून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी बातमी आली.

"ममा, पापाला पाय आले."

"मला उठवा कुणीतरी," मार्सेल म्हणाला. "त्या पायांत आता जीव राहिलेला नाही." त्याचे डोळे वाहत होते, पण तो दोष त्याने पायांना आलेल्या मुंग्यांना दिला.

घरी जाताना मेमेने सवयीने पुढच्या सीटवर पुठ्ठ्याला बसवून पट्टा लावला. मार्सेलने ते पाहिलं आणि मुकाट्याने मागे, जोसीच्या शेजारी, गुडघे हनुवटीला लावून बसला. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे पुढच्याला हात केला.

"मी मागे आहे," मार्सेल म्हणाला.

"बसू दे त्याला," मेमे म्हणाली. "त्याला पुढची सवय आहे."

जोसीने घर येईपर्यंत बापाचा गुडघा सोडला नाही.