चौथा बेड

एक बूट काढून झाला आणि दुसऱ्याची लेस हातात धरूनच सून दाराजवळच्या बाकावर झोपी गेली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. समोर उभ्या असलेल्या अप्पांची घोकून ठेवलेली वाक्यं तोंडातच राहिली.

आज बोलायचंच, असं परगावी नोकरीला असलेल्या मुलाशी फोनवर ठरलं होतं. सून इस्पितळात सिस्टर. आठवडाभर रात्रपाळी, मग दोन दिवस सकाळची, की पुन्हा रात्र. तिचं वजन उतरलं होतं, डोकं सतत दुखायचं, जेवणाच्या वेळांचा तर पार बट्ट्याबोळ झाला होता. नोकरी सोड, हे सांगायचं काम अप्पांच्या गळ्यात पडलं, आणि ते त्यांना फारसं जड वाटलं नाही. बत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस. घराच्या हजेरीपटावर सुनेला त्यांनी केव्हाच गैरहजर मांडलं होतं. आली की झोपायची, उठली की निघायची. घरात कोणाचं काय चाललंय याचा हिला पत्ता नसतो, असं ते शेजाऱ्यांनाही ऐकवत.

त्यांनी मुद्दाम खाकरून पाहिलं. सुनेचे डोळे मिटलेलेच राहिले, पण पाठ ताठ झाली.

"ओव्हर घेताय ना?"

पाळी संपताना पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटची माहिती द्यायची, त्याला ते लोक ओव्हर म्हणतात, एवढं अप्पांना ठाऊक होतं. झोपेतही बाईची ड्यूटी सुटत नाही म्हणून त्यांना हसू आलं.

"बेड एक. वय चौऱ्याहत्तर. गुडघा दुखतो म्हणतात, पण दुखणं छातीत आहे. जिन्याच्या वळणावर थांबतात आणि चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करतात. मंगळवारी तपासणीला न्यायचंय. नाही म्हणतील. मला सोबत हवी म्हणून सांगायचं."

अप्पांचं हसू जागच्या जागी विरलं. चपलेची ती युक्ती त्यांनी सगळ्यांपासून लपवली होती.

"बेड दोन. वय नऊ. फळ्यावरचं दिसत नाही. शेजारच्या मुलीचं बघून उतरवते, तिच्या चुकांसकट. चष्म्याला घाबरते, रागवायचं नाही. बेड तीन बाहेरगावी. फोनवर उगाच हसला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. परवा तीनदा हसला."

अप्पा बाकाच्या कडेवर टेकले.  दिवसाकाठी जेमतेम तासभर जागी दिसणाऱ्या या बाईनं हे टिपलं कधी? नातीची वही रोज संध्याकाळी त्यांच्याच पुढ्यात उघडी असायची. साठ मुलांचा वर्ग नुसत्या नजरेनं सांभाळला, अशी त्यांची आजवर घमेंड होती. इतकं थक्क व्हायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

सून बोलायची थांबली, पण सैल झाली नाही. लेस मुठीत तशीच होती.

"आणि बेड चार?" अप्पांनी हळूच विचारलं.

"रिकामा आहे."

अप्पा तिच्याकडे पाहत राहिले. घोटे सुजलेले, त्यांवर मोज्यांचे खोल वळ, ओठ फुटलेले. 

"समजलं सगळं. चार्ज घेतला मी," ते म्हणाले. "जा तू आता."

मूठ उघडली. सुनेची मान भिंतीला टेकली. अप्पांनी खाली बसून तिचा दुसरा बूट काढला आणि मानेमागे उशी सरकवली. गुडघा कुरकुरला, तोही थोडा दुखत होताच.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडून मुलानं आधी हसूनच घेतलं, मग बोललात का म्हणून विचारलं.

"नोकरीचं काय ते तिचं ती ठरवेल," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "मंगळवारी आम्ही दोघं तपासणीला जातोय. दोघांचीही करायची. तू रजा टाकून ये, आणि तिथे काय बिनसलंय ते आल्यावर सांग. बेड चारवर पेशंट आहे."

"पेशंट? कोण पेशंट, अप्पा?"

"हळू बोल," अप्पा म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."